बीजकोशांचा विकार आणि मनाची धास्ती

घरांतील एखाद्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबूं लागली, तर आई तिला डॉक्टरांकडे नेते. हनुवटीवर राठ केस दिसूं लागले, तर त्याचीहि कुजबूज होते. परंतु तीच मुलगी रात्र-रात्र जागूं लागली, क्षुल्लक कारणानें तिच्या छातींत धडधडूं लागलें, चारचौघांत जाण्याचें ती टाळूं लागली, तर ‘स्वभावच मुळीं भित्रा’ असें म्हणून आपण मोकळे होतों. या दोन तक्रारींचा परस्परांशीं संबंध असूं शकेल, ही शंका सहसा कोणास येत नाहीं.

संबंध आहे. या विकारास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, संक्षेपानें पीसीओएस, म्हणतात. शिकागो येथील डॉ. स्टाइन व डॉ. लेव्हेन्थल यांनीं १९३५ सालीं सात रुग्ण स्त्रियांवरून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. जननक्षम वयांतील शंभर स्त्रियांपैकीं सुमारें दहा जणींना तो असतो, आणि त्यांतील बहुतेकींना त्याचा पत्ताच नसतो.

नांव मात्र मोठें फसवें आहे. ‘बीजकोशांत गांठी’ हे शब्द कानीं पडतांच मुलीच्या डोळ्यांपुढें कर्करोग उभा राहतो. वास्तविक त्या गांठी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेल्या त्या बीजपुटिका होत. विकाराचें मूळ बहुधा इन्सुलिनपाशीं असतें. शरीर त्यास दाद देईनासें झालें, कीं स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवतें. त्याच्या चेतावणीनें बीजकोश पुरुषी अंतःस्राव प्रमाणाबाहेर निर्माण करतात. मग बीज पक्व होत नाहीं, पाळी लांबते, मुरुमें व केस येतात.

मनाच्या धास्तीचें खापर केवळ रूपाच्या चिंतेवर फोडणें सोपें आहे, पण तें पुरेसें नाहीं. सारख्याच वजनाच्या स्त्रियांची तुलना केली, तरी पीसीओएस असलेल्यांत चिंतेचीं लक्षणें अधिक आढळतात. अंतःस्रावांचा वांटा त्यांत किती, याचा शोध चालूं आहे. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनें असें सांगितलें आहे, कीं या विकाराचें निदान होतांच प्रत्येक स्त्रीच्या चिंतेची व खिन्नतेचीहि तपासणी व्हावी.

एकत्र कुटुंबांत सल्ला फुकट मिळतो, ही त्याची शोभा आणि तोच त्याचा जाच! ‘लग्न झालें कीं सारें सुरळीत होईल,’ असें एक आत्याबाई म्हणतात. ‘हिला मूल व्हावयाचें कसें?’ असें दुसरीचें कुजबुजणें दाराआडून ऐकूं येतें. पहिलें विधान निराधार आहे. लग्न हें औषध नव्हे. दुसरेंहि तितकेंच खोटें. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनीं बीज पक्व होण्यास साहाय्य होतें, आणि या विकाराच्या बहुसंख्य स्त्रिया पुढें माता होतात. मात्र तें कुजबुजणें ऐकून जागून काढलेल्या रात्री कोणत्याहि तपासणींत दिसत नाहींत.

डॉक्टरांकडे जातांना पाळीच्या तारखांबरोबर झोप, धडधड व भीति यांचीहि टिपणी न्यावी. थायरॉइडची तपासणी करवून घ्यावी, कारण त्या ग्रंथीच्या विकारांतहि पाळी बिघडते व छाती धडधडते. चिंता अधिक असल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यांत संकोच नको. आणि आईनें मुलीसोबत अवश्य जावें. परंतु थोडा वेळ बाहेरच्या बांकावर बसावें, म्हणजे मुलीला डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलतां येईल.