घाटात ब्रेक दगा का देतात?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलेल्या गाडीच्या चाकांपाशी करपट वास येतो. दोष पॅडना दिला जातो. पण पॅड झिजण्यासाठीच असतात. जपायचा तो पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर. त्यातल्या पिस्टनभोवती रबरी सील असतं. ब्रेक दाबला की ते किंचित ताणलं जातं, सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला मागे ओढतं. वारंवार तापून रबर कडक झालं की ही ओढ संपते, पॅड डिस्कला घासतच राहतो.

हे रेसट्रॅकवरच्या स्पोर्ट्स कारचं दुखणं, घाटात एवढा वेग कुठला, असं कोणी म्हणेल. पण ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात भन्नाट वारा ब्रेक थंड करतो. घाटात वारा कमी, उतार लांबलचक. एक टनाची गाडी इथे सुमारे 1,300 मीटर खाली येते. तेवढ्या ऊर्जेत 40 लिटर पाणी उकळीला येईल. न्यूट्रलवर उतरलात, तर बहुतेक भार ब्रेकवरच. शिवाय पेडलचा दाब पिस्टनपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल ओल शोषतं, आणि इथला पावसाळा सांगायला नको! नव्या डॉट-4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस. ओल मुरल्यावर हमी फक्त 155 ची. ऑइल उकळलं की पेडल वाफेचे बुडबुडेच दाबत बसतं, पिस्टन जागचा हलत नाही.