भाड्याचे पातेले आणि वहीतली नोंद

आपल्या घराचा माळा एकदा नीट पाहा. तिथे काय काय आहे? मोठे पातेले आहे. परात आहे. कढई आहे, झारा आहे. मुलीच्या लग्नात घेतलेली सतरंजी आहे. खाली कोपऱ्यात शिडी उभी आहे. वर्षातून दोन-चार वेळा या वस्तू लागतात. बाकीचे दिवस त्यांच्यावर धूळ बसते.

याच वस्तू घराला थोडा हातभार लावू शकतात. गावात लग्न असते, बारसे असते, वास्तुशांत असते. ज्याला एका दिवसापुरते पातेले हवे, तो ते विकत कशाला घेईल? तो भाड्याने नेईल. त्याचे काम भागते. तुम्हाला चार पैसे मिळतात.

पण इथेच पुष्कळांना संकोच वाटतो. "शेजाऱ्याकडून भाडे कसे घ्यायचे? लोक काय म्हणतील?" म्हणून वस्तू उसनी जाते. ना बोली, ना मुदत, ना नोंद. मग काय होते?

आमच्या गावातली गोष्ट सांगतो. दोन घरे, मध्ये एकच भिंत. एका घरचे पितळी पातेले दुसऱ्या घरच्या लग्नाला गेले. लग्न पार पडले. आठ दिवसांनी पातेले परत आले. ते हातात घेऊन घरची बाई म्हणाली, "वहिनी, हे पातेलं आमचं नव्हं. आमचं जड होतं."

शेजारीण म्हणाली, "तुम्ही दिलं तेच आणलं. आम्ही काय चोर हाय का?"

पातेल्यावर नाव नव्हते. कुठे काही लिहिलेले नव्हते. लग्नात चार घरची भांडी एकत्र आली होती. बहुधा घासताना अदलाबदल झाली असावी. चोर कोणीच नव्हते. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. एका पातेल्यापायी वीस वर्षांचा शेजार तुटला.

नुसते भाडे घेऊन हे भांडण टळले नसते. हिशेब ठेवला असता तर टळले असते. म्हणून वस्तू देताना चार गोष्टी करा.

पहिली गोष्ट, नाव. प्रत्येक भांड्यावर नाव आणि आकडा घालून घ्या. भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळते. सतरंजीच्या कोपऱ्यावर दोऱ्याने खूण करा.

दुसरी गोष्ट, मोजणी. देताना आणि घेताना दोघांनी मिळून मोजा. पोचा कुठे आहे, कान ढिला आहे का, ते त्याच वेळी दाखवा. मोबाइल असेल तर फोटो काढून ठेवा.

तिसरी गोष्ट, बोली. भाडे किती, अनामत किती, परत कधी, घासून द्यायचे की कसे, आणि हरवले तर किती भरायचे, हे आधीच ठरवा.

चौथी गोष्ट, नोंद. साधी वही पुरते. तीत असे लिहा:

तारीख 5 मे. मोठे पातेले 1, परात 2, झारा 1. भाडे 400 रुपये. अनामत 500 रुपये. परत 7 मे. नेणाऱ्याची सही.

वस्तू परत आली की त्याच ओळीपुढे "मिळाले" असे लिहा, आणि अनामत दिल्याचेही लिहा.

कायदाही हेच शहाणपण सांगतो. 1872 सालचा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याप्रमाणे, नेणाऱ्याने दुसऱ्याची वस्तू आपल्या वस्तूसारखी जपली पाहिजे. पण देणाऱ्यावरही जबाबदारी आहे. वस्तू भाड्याने दिली आणि तिच्यातल्या दोषामुळे नेणाऱ्याचे नुकसान झाले, तर "मला दोष ठाऊक नव्हता" ही सबब चालत नाही. म्हणून शिडीची पायरी तडकली असेल तर ती शिडी देऊ नका. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर आधी कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्यांना बाधतो.

फवारणीच्या पंपाची तर विशेष काळजी घ्या. तणनाशक मारलेला पंप दुसऱ्या औषधासाठी देऊ नका. काही तणनाशकांचा थोडा अंश राहिला तरी कपाशीसारखे पीक वाया जाते. आणि घरगुती गॅसची टाकी कधीच भाड्याने देऊ नये. ती तुमच्या घरच्या स्वयंपाकापुरतीच मिळालेली असते.

आता पैशाचा हिशेब पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. भाव गावोगाव निराळे असतात. समजा, तुमच्याकडे 12,000 रुपयांचा भांड्यांचा संच आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. पाऊसकाळ येईपर्यंत संच 15 वेळा गेला. दर वेळी 400 रुपये मिळाले. एकूण 6,000 रुपये झाले. कल्हई, डागडुजी आणि हरवलेले झारे-पळ्या यांत 1,000 रुपये गेले. उरले 5,000 रुपये. घरातल्या पडून राहिलेल्या वस्तूला हे वाईट नाही.

पण कोणी म्हणेल, मी कर्ज काढून संच घेतो. सावकार शेकडा 3 रुपये महिना व्याज लावतो. 12,000 रुपयांवर महिन्याला 360 रुपये झाले. वर्षाला 4,320 रुपये झाले. मग तुमच्या हाती राहिले फक्त 680 रुपये, आणि मुद्दल तसेच डोक्यावर! म्हणून जे घरात आहे त्यावरच आधी सुरुवात करा. भाड्याच्या दर 4 रुपयांतला 1 रुपया डागडुजीसाठी बाजूला ठेवा. वस्तू झिजते, हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र पाळा. मयत झालेल्या घरी दहाव्या-तेराव्याला भांडी लागतात. तिथे भाडे मागू नये. पण नोंद तेव्हाही करा. "भाडे नाही" असे लिहा, आणि भांडी मोजून द्या. दया करावी, पण मोजणी सोडू नये.

शेजाऱ्याची सही घेताना लाजू नका. सही म्हणजे अविश्वास नव्हे. दोघांच्याही आठवणीला ती आधार आहे. पूर्वी अशी नोंद करायची तर दुसऱ्याच्या दारी जावे लागे. आता तुम्हाला लिहिता येते. आजच एक वही घ्या. माळ्यावरच्या वस्तू खाली उतरवा. एकेक मोजा आणि पहिल्या पानावर त्यांची यादी लिहा.