तीन बोटं आत जातात का?

कर्जत स्टेशनवरचा वडापाव हातात आहे, पण तुकडे मोडूनच खावा लागतो, कारण तोंड पुरेसं उघडत नाही. कर्जत-खालापूरकडे असं झालं की मी आधी सुपारी-गुटख्याचं विचारेन. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. सवय मात्र गेलेली नाही. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू साठतात आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये भारतात या विकाराची नोंद केली.

आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. ती साधारण मावायला हवीत.

आता दात आवळा. जबड्याच्या कोपऱ्यावर जो फुगवटा हाताला लागतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. फिजिओथेरपिस्ट आधी गरम शेक देतात, मग हा स्नायू बोटांनी गोल गोल चोळतात. कधी हातमोजा घालून एक बोट गालाच्या आत, अंगठा बाहेर ठेवून स्नायू हळूच ताणतात. घरी आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांमध्ये धरायची, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. जोर लावायचा नाही.

दात खाण्याच्या सवयीने स्नायू आखडले असतील तर यानं छान मोकळं वाटतं. तंतू मात्र चोळून विरघळत नाहीत. तिथे व्यायाम ही जोड, आणि सुपारी सोडणं ही पहिली अट. तंतूंच्या या विकारातून कर्करोग होऊ शकतो, म्हणून दंतवैद्याची तपासणी आधी करा. ताप, सूज किंवा अक्कलदाढेचा ठणका असेल तर मालीश मुळीच नको. जखमेनंतर जबडा आवळू लागला तर धनुर्वाताची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठा.