वय वर्षे २९

केस पेपरवरचा वयाचा रकाना दोन आकड्यांत भरतो. माझे रेसिडेंट तो भरतात आणि झोप, भूक, मरणाचे विचार यांकडे वळतात. ते विचारायलाच हवं. पण शिकवायला बसले की मी आधी तो रकाना दाखवते. "एकोणतीस म्हणजे काय?"

परवाचा मुलगा २९ वर्षांचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, एमपीएससीचे पाच अटेम्प्ट झालेला. गावाकडून फोन आला की छातीत धडधड. रेसिडेंटचं निदान बरोबर होतं, गोळीही बरोबर होती. राहिलं होतं ते एवढंच, की धाकट्या भावाला मुलगी झाली, आणि हा अजून 'मी कोण होणार' यावरच अडलेला.

एरिक एरिक्सननं १९५० साली 'चाइल्डहूड अँड सोसायटी'त माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. 'मी कोण' हा प्रश्न त्यात किशोरवयाचा. तरुणपणी जवळीक जमावी, मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी काही घडवावं, म्हातारपणी जगून झालेलं आयुष्य आपलं म्हणता यावं. गंमत म्हणजे, खुद्द एरिक्सन पंचविशीपर्यंत चित्रकार व्हायचं म्हणून भटकत होता. मग व्हिएन्नात अ‍ॅना फ्रॉइडच्या हाताखाली मनोविश्लेषण शिकला. विद्यापीठाची पदवी त्यानं कधीच घेतली नाही आणि 'एरिक्सन' हे आडनावही त्यानं मोठेपणी स्वतःच घेतलेलं. म्हणून टप्प्यांपुढची वयं घोकू नका, असं मी मुलांना बजावते. पेशंट कुठे अडलाय ते बघा.

आणि आपण कुठे आहोत तेही. मी सत्तावीस वर्षांची असताना एका निवृत्त एसटी ड्रायव्हरांना सांगितलं होतं, "काका, आता आराम करा." ते म्हणाले, "मॅडम, आरामच तर सोसत नाही." ड्यूट्यांनी पिचलेल्या मला तेव्हा आरामापेक्षा मोठं सुख ठाऊक नव्हतं. माझं औषध मी त्यांना लिहून दिलं होतं. हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत, विचारायला हवं.

तो मुलगा सोमवारी पुन्हा आला. गोळीचा डोस तोच ठेवला. वयाच्या रकान्याशेजारी रेसिडेंटनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सहावा अटेम्प्ट द्यायचा नाही. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.'