फेस भरपूर, वासही भरपूर

लखनौच्या चारबाग स्टेशनाबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, वरून पाहिलं तर त्याचे घुमट आणि मनोरे पटावर मांडलेल्या बुद्धिबळासारखे दिसतात. दुसरी, बाहेरच्या पोर्चमध्ये उभं राहिलं की आत आलेल्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. या दुसऱ्या गोष्टीची खातरजमा ज्याची त्याने करावी. वॉशिंग मशीनच्या कुबट वासाबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी मात्र तपासून पाहता येतात. त्या फक्त चारबाग भागातल्या घरांच्या आहेत असंही नाही. लखनौहून सुटणारी पुष्पक एक्सप्रेस जिथे संपते त्या मुंबईतही त्याच ऐकू येतात.

वासाला चारबागसारखी जागा सोयीची का, हे आधी पाहू. पावसाळ्यात तिथे हवा दमट आणि डिसेंबर-जानेवारीत दिवसचे दिवस धुकं, त्यामुळे वर्षातून दोनदा कपडे वाळत नाहीत. पाणीही जड. गंगेच्या गाळाच्या मैदानातल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि घरोघरचे सबमर्सिबल पंप तेच पाणी टाकीत चढवतात.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज इथेच जन्मतो: वास येतो म्हणजे पावडर कमी पडली. जड पाण्यात फेस कमी होतो, कारण पावडरीचा काही भाग क्षारांशी झटापट करण्यातच खर्च होतो. फेस दिसला नाही की हात आपोआप डब्याकडे जातो. जड पाण्याला पावडर थोडी जास्त लागते हे खरं, पण किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि फेसावरून ते ठरवता येत नाही. मशीनसाठीच्या पावडरी मुद्दाम कमी फेसाच्या केलेल्या असतात. फेस जास्त झाला तर कपड्यांचं एकमेकांवर आपटणं-घासणं मंदावतं आणि धुलाई उलट बिघडते. हाताने धुवायची पावडर स्वस्त पडते म्हणून तीच मशीनमध्ये टाकणाऱ्या घरांत हे रोज घडतं.

जास्तीची पावडर जाते कुठे? पुढून दार असलेलं मशीन पाणी फार बेताने वापरतं. बादलीत तीन-तीनदा खळबळून काढायची सवय असलेल्या आपल्या पिढीला ते पाणी पाहून शंकाच यावी, आणि शंका रास्त आहे. मोजून घातलेली पावडर त्यात निघून जाते, दीडपट घातलेली निघत नाही. ती आतल्या स्टीलच्या ड्रम आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या टबाच्या मधल्या फटीत साचते. तिथे हात पोचत नाही आणि नजरही. अंगाचा तेलकटपणा, कपड्यांची लव आणि क्षारांचा चुनखडीसारखा थर तिथेच येऊन बसतो. या सगळ्यावर जिवाणू आणि बुरशी पोसल्या जातात आणि चिकट, बुळबुळीत थर धरतात. वासाचं घर ते. सुवासिक सॉफ्टनर हा त्यावरचा उपाय वाटतो, पण कापडाला मऊपणा देणारे त्यातले मेणचट पदार्थ त्याच थराला खाद्य पुरवतात. महिनाभर सॉफ्टनर बंद करून पाहावा.

एक सोपी परीक्षा आहे. धुतलेले टॉवेल पुन्हा मशीनमध्ये टाका, पावडर अजिबात घालू नका आणि मशीन फिरू द्या. काचेतून किंवा झाकण उघडून फेस दिसला, तर तो मागच्या धुण्यांचा उरलेला आहे.

‘मशीनमध्ये रोज साबणच फिरतो, मग ते अस्वच्छ कसं होईल?’ हा प्रश्न तर्काला धरून वाटतो. याचं उत्तर जर्मनीतल्या एका बाल रुग्णालयाने दिलं. तिथल्या नवजात कक्षात 13 बाळांच्या अंगावर क्लेब्सिएला ऑक्सिटोका हा औषधांना दाद न देणारा जिवाणू पुन्हा पुन्हा सापडत होता. सुदैवाने बाळं त्याने आजारी पडली नाहीत. शोध घेतला तेव्हा तो बाळांच्या विणलेल्या टोप्या-मोजे धुणाऱ्या, घरगुती प्रकारच्या वॉशिंग मशीनमध्ये निघाला: दाराच्या रबरात आणि पावडरीच्या ड्रॉवरमध्ये. मशीन हलवलं आणि प्रकार थांबला. बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये हे प्रसिद्ध केलं. शेवटचं खळबळणं थंड, बिनसाबणाच्या पाण्याने होतं, तेव्हा ड्रॉवरमधली घाण धुतलेल्या कपड्यांवर येऊ शकते, असा त्यांचा अंदाज होता. घरातल्या निरोगी माणसांनी यावरून घाबरून जाऊ नये. ड्रॉवर मात्र बाहेर ओढून, त्याची मागची बाजू एकदा पाहावी. बऱ्याच घरांत ती काळी असते.

आता उन्हाबद्दल. ऊन लागलं की सगळं जातं, ही श्रद्धा आपल्याकडे फार जुनी आहे आणि बरीचशी खरीही आहे, कारण उन्हात कपडा लवकर वाळतो. पण वाळल्यावर स्वच्छ वाटणारा टॉवेल अंग पुसताच पुन्हा कुबट का होतो? जपानच्या काओ कंपनीच्या संशोधकांनी 2012 मध्ये या वासाचा माग काढला. मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू तो ठरावीक वासाचा आम्ल पदार्थ तयार करतो, आणि कोरडेपणा व अतिनील किरण दोन्ही तो चांगलेच सोसतो. उन्हात तो गप्प बसतो, ओल मिळाली की कामाला लागतो. इस्त्रीने दबलेला वास घामाबरोबर परत येतो तोही बहुधा असाच. असे टॉवेल एकदा 60 अंशांवर धुवावेत. मशीनला हीटर नसेल तर गीझरच्या कढत पाण्यात ऑक्सिजन ब्लीच घालून भिजवावेत. धुणं संपल्यावर कपडे रात्रभर ड्रममध्ये राहू नयेत, हे अर्थातच.

घरगुती उपायांत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालायची पद्धत आहे. फसफस छान होते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करतात, उरतं ते थोडं क्षारयुक्त पाणी. आम्लाने चुनखडी निघते हे खरं, म्हणून क्षारांसाठी अधूनमधून सायट्रिक ॲसिड किंवा डिस्केलर वापरावं. चिकट थर काढायला मात्र गरम पाणी आणि ब्लीच लागतं. दोन्ही एकाच दिवशी कधीही करू नये: क्लोरीनचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या न्हाणीघरांना खिडकी जेमतेम वीतभर असते.

ड्रममध्ये डांबरगोळी टाकून ठेवणारेही आहेत. उत्तर रेल्वेने 2024 च्या अखेरीस गाड्यांतल्या ब्लँकेटांच्या स्वच्छतेबद्दल खुलासा करताना नॅफ्थलीनच्या गरम वाफेचा उल्लेख केला होता. तो उपाय लोकरीच्या पांघरुणांसाठी आहे. डांबरगोळी लोकर खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवते. जिवाणूंच्या वासावर ती फक्त आपला वास चढवते, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांना लागलेलं नॅफ्थलीन काही बाळांत रक्तातल्या लाल पेशी फोडतं. रेल्वेच्या चादरी वास मारत नाहीत याचं कारण साधं आहे: दर वापरानंतर मोठ्या लाँड्रीत गरम पाण्याने धुलाई, मग लगेच तापलेल्या रोलरांखालून इस्त्री. ओली राहायला वेळच मिळत नाही.

कधीकधी मशीन निर्दोष असतं. सुट्टीत दोन-तीन आठवडे गावी जाऊन आल्यावर घरात सडक्या अंड्यासारखा वास आला, तर मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटलेलं असतं आणि गटाराचा वायू थेट वर येतो. तांब्याभर पाणी ओतावं. मशीनची पाणी सोडणारी नळी ड्रेनमध्ये फार खोल खुपसलेली असली तरी तोच वास ड्रममध्ये चढतो.

मशीनची निगा फार नाही. महिन्यातून एकदा ते रिकामं ठेवून सगळ्यात गरम कार्यक्रम लावायचा, दाराच्या रबराची घडी उलटून पुसायची, खालचा फिल्टर काढून त्यातली लव आणि नाणी बाहेर काढायची. धुणं झाल्यावर दार किलकिलं ठेवायचं; घरात लहान मूल असेल तर मशीनच्या खोलीचं दार बंद असू द्यावं. अर्धस्वयंचलित मशीनमध्ये पिळणाऱ्या टबाचा तळ लोक विसरतात, तिथेही कढत पाणी जाऊ द्यावं, पण किती कढत चालेल हे आधी पुस्तिकेत पाहून. आणि चारबागला उतरून घेतलेला चिकनकारीचा कुर्ता या गरम कार्यक्रमात चुकूनही टाकू नये. तो थंड पाण्यात, हाताने, सौम्य साबणाने.