घर विकायला निघाले म्हणे!

मागील दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना भिवंडीच्या एका जुन्या पुरवठादाराचा आमच्या थोरल्या बंधूंना फोन आला. पंचवीस वर्षांचा व्यवहार. पाडवा झाल्यावर समोरासमोर बसून हिशेब मिटवायचा, अशी रीत. त्या दिवशी मात्र ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर ते जरा अडखळत म्हणाले, "शेठ, यंदा थोडी रक्कम आधी सोडता आली तर बरे होईल." बंधूंनी कारण विचारले, तर त्यांनी विषय बदलला.

उलगडा संध्याकाळी झाला. पुतण्याने मोबाईल पुढे धरला. घरांच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर बोईसरमधील आमच्या राहत्या घराचे छायाचित्र होते. ओसरीवरचा झोपाळा दिसत होता. फाटकावरील वडिलांच्या नावाची पाटी स्पष्ट वाचता येत होती. खाली ओळ होती : 'तातडीने विकणे आहे.' विकणे एक वेळ चालले असते, पण 'तातडीने' हा शब्द बंधूंना झोंबला.

नोकरदाराने घर विकायला काढले तर लोक समजतात, बदली झाली असेल किंवा मोठे घर घ्यायचे असेल. व्यापाऱ्याने काढले की बाजार वेगळा अर्थ लावतो. तारापूरचे औद्योगिक क्षेत्र वाढू लागले तेव्हा वडिलांनी येथे हार्डवेअरचे दुकान थाटले. भांडवल थोडे होते. माल उधारीवर मिळे तो शब्दावर. मी स्वतः आयुष्यभर बँकेत कर्जदारांचे ताळेबंद वाचले, पण ज्या जमेवर आमचे दुकान चालले, तिला ताळेबंदात रकाना नाही. आठ दिवसांत तीन पुरवठादारांनी निरनिराळ्या शब्दांत एकच विचारणा केली. एका हितचिंतकाने तर वहिनींना बाजूला घेऊन, "काही अडचण असेल तर सांगा," असेही म्हटले.

पुतणे संतापले होते. जाहिरातीतील क्रमांकावर फोन करून त्या माणसाला खडसवण्याची त्यांची तयारी होती. मी त्यांना थांबवले. आधी जाहिरातीची छायाप्रत तारीख-वेळेसह, तिचा दुवा आणि जाहिरात क्रमांक जपून ठेवला. कारण बोभाटा झाला की अशी पाने क्षणात नाहीशी होतात आणि आपल्या हाती पुरावा राहत नाही. मग मीच शांतपणे फोन केला. पलीकडे जेमतेम बाविशीचा एक दलाल होता. तो त्याच संध्याकाळी दुकानात आला आणि कागद दाखवून रडवेला झाला. त्याच्याकडे खरोखरच 'प्लॉट नंबर १४' विक्रीस आलेला होता. मात्र तो दुसऱ्या सर्व्हे नंबरमधला. मोबाईलच्या नकाशाने त्याला आमच्या फाटकासमोर आणून उभे केले, त्याने रस्त्यावरूनच फोटो काढला आणि चढवून दिला.

बोईसरला राहणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. आपले शहर नगररचनेने वसलेले नाही. गावे आणि पाडे एकमेकांना भिडत गेले. बोईसर, सरावली, पास्थळ अशा ग्रामपंचायतींच्या हद्दी कोठे संपतात हे जुन्या रहिवाशालाही चटकन सांगता येत नाही. प्रत्येक बिनशेती जमिनीत भूखंडांचे क्रमांक एकपासून सुरू होतात. म्हणजे 'प्लॉट चौदा' किती असतील त्याचा हिशेबच नको. त्यातच ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील घर क्रमांक वेगळा आणि सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर वेगळा. पोस्टमन या सर्वांतून वाट काढतो, कारण तो माणसांना ओळखतो. नकाशा ओळखत नाही.

घरातील स्त्रियांच्या मनात मात्र निराळीच भीती होती : घर खरेच कोणी विकून टाकले तर? येथे माझ्या जुन्या नोकरीचा उपयोग झाला. जाहिरातीने घराची मालकी केसभरही हलत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणीच्या वेळी दोन्ही पक्षांची छायाचित्रे आणि बोटांचे ठसे घेतले जातात. तरीही मी नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेत आमच्या मिळकतीची सूची क्रमांक दोन पाहिली, आणि महाभूमीवरून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबाराही काढला. दोन्हीत वावगे काही नव्हते. हे कागद वहिनींच्या हाती दिले तेव्हा कोठे त्यांच्या घशाखाली घास उतरला. आपल्याकडे खरेदीखत तिजोरीत ठेवले की पुढची वीस वर्षे कोणी सरकारी दप्तर उघडून पाहत नाही. वडिलांच्या नंतर वारसनोंद केलेली नसलेली घरेही मी बरीच पाहिली आहेत. आमचीही नोंद बंधूंनी माझ्या तगाद्यामुळेच केली होती, हे येथे कबूल केलेले बरे.

दलालाने आपली जाहिरात त्याच रात्री काढली. पण तोवर ती आणखी दोन ठिकाणी उतरवून घेतली गेली होती आणि व्हॉट्सॲपच्या गटांत फिरत होती. त्या दोन्ही संकेतस्थळांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना मी लेखी तक्रार पाठवली. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणे आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत देणे त्यांना बंधनकारक आहे. एकाने चौथ्या दिवशी पान काढले. दुसऱ्याने 'आपण मालक असल्याचे सिद्ध करा' म्हणून कागद मागितले. मी आधारची प्रत न देता नोंदणीकृत दस्ताचे फक्त पहिले पान, अनावश्यक तपशील झाकून, पाठवले. अशा वेळी घाबरून सगळे कागद अनोळखी पत्त्यावर पाठवणे म्हणजे चोराला किल्ली देणे. आमच्या प्रकरणात लबाडी नव्हती, म्हणून पोलिसांत गेलो नाही. मात्र कोणी आपल्या घरावर टोकन वा अनामत उकळत असेल तर क्षणभरही न थांबता १९३० क्रमांकावर कळवावे.

खरा वाद घरात झाला तो जाहीर सूचनेवरून. बंधूंचे म्हणणे, वर्तमानपत्रात छापून टाकू की घर विकायचे नाही. मी विरोध केला. ज्यांनी ती जाहिरात पाहिलीच नाही, त्यांनाही आपणच शंका पोहोचवणार! त्याऐवजी बंधूंनी अकरा पुरवठादारांना स्वतः फोन केले, आणि भिवंडीला आम्ही दोघे प्रत्यक्ष जाऊन आलो.

परतताना गाडीत मला माझ्याच शाखेतील एक गोष्ट आठवली, जी आजवर मी कोणाला सांगितली नव्हती. सरफेसी कायदा २००२ साली आला. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही एका थकबाकीदाराच्या घराचा ताबा घेतल्याची सूचना कायद्याप्रमाणे दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, दिली. भूखंडाच्या क्रमांकात एक आकडा चुकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भूखंडाचे मालक, एक निवृत्त शिक्षक, ते कात्रण घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. त्यांनी कधी कोणाचे पाच रुपयेही बुडवले नव्हते. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दोन ओळींचे शुद्धिपत्रक छापून येईल असे सांगितले. ते छापूनही आले, आतल्या पानावर, बारीक टाइपात. "पण साहेब, मुलीच्या सासरचे लोक ते पान वाचतील का?" असे त्यांनी विचारले होते. माझ्या लेखी प्रकरण संपले होते, म्हणून मी उत्तर दिले नाही.

पाडव्यानंतर भिवंडीचे ते गृहस्थ नेहमीप्रमाणे घरी आले, झोपाळ्यावर बसून हिशेब झाला. आगाऊ रकमेचा विषय कोणी काढला नाही. फोटो मात्र कोठेतरी अजून फिरत असावा. गेल्याच महिन्यात एक तरुण जोडपे फाटकाशी थांबून, मोबाईलकडे आणि घराकडे आळीपाळीने पाहत विचारू लागले, "काकू, हेच का ते घर?" वहिनींनी त्यांना पाणी दिले आणि दुसऱ्या सर्व्हे नंबरमधल्या प्लॉट चौदाचा रस्ता खुणांसह समजावून सांगितला. तो अद्याप विकला गेलेला नाही.