रिकाम्या वेळेचे मोजमाप

प्रोसेसरवर कामाचा किती भार आहे हे पाहायचे, तर आम्ही काम मोजत नाही, त्याचा रिकामा वेळ मोजतो. ते अधिक सोपे पडते.

अर्डुइनो उनो हे छोटे बोर्ड घेऊ. त्याच्या मायक्रोकंट्रोलरचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते, पण रॅम अवघी २ किलोबाइट. फ्रीआरटीओएस ही प्रणाली वापरून त्यावर तीन कामे चालवता येतात: तापमान वाचणे, ते पडद्यावर दाखवणे आणि बटनाकडे लक्ष ठेवणे. प्रोसेसर एकच, त्यामुळे एका क्षणी एकच काम चालते. तिघांपैकी कोणालाच त्याची गरज नसली, की सर्वांत कमी प्राधान्याचे 'रिकामे काम' सुरू होते. त्यात एक मोजक ठेवावा व प्रत्येक फेरीला तो एकाने वाढवावा. समजा, बाकीची कामे बंद असताना तो सेकंदात ५ लाखांवर गेला आणि ती चालू असताना साडेतीन लाखांवरच थांबला, तर भार ३० टक्के. (मोजक ३२ बिटांचा हवा, १६ बिटांचा ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येतो.)

विद्यार्थ्यांना दाखवायला एलईडी बरा. प्रत्येक कामाने सुरू होताना तो लावायचा, रिकाम्या कामाने विझवायचा. लुकलुक इतकी जलद होते की डोळ्याला फक्त कमी-अधिक उजेड दिसतो. त्या पिनेला मल्टिमीटर जोडला तर ५ व्होल्टपैकी साधारण दीड व्होल्ट दिसेल. मात्र रिकाम्या कामाच्या मध्येच इंटरप्ट आला, तर एलईडीला त्याचा पत्ता लागत नाही. मोजकाला लागतो, कारण तेवढ्या फेऱ्या बुडतात.

एक गोष्ट आधी तपासावी. एखादे काम थांबण्यासाठी नुसतेच फेऱ्या मारत बसले, तर काहीही उपयोगाचे न होता भार १०० टक्के दिसेल. थांबणाऱ्या कामाने प्रोसेसर सोडला पाहिजे.

अपोलो ११ च्या चांद्रयानातील संगणकातही असे रिकामे काम होते आणि ते सुरू झाले की फलकावरचा संगणक कामात असल्याचा दिवा विझे. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना त्या फलकावर '१२०२' हा इशारा उमटला. उतरण्यासाठी गरज नसलेल्या एका रडारकडून संगणकाच्या मोजकांत सेकंदाला १२,८०० पर्यंत स्पंद येत होते, आणि प्रत्येक स्पंद सुमारे ११.७ मायक्रोसेकंद खाई. गुणाकार करून पाहा: सुमारे १५ टक्के वेळ! तेवढी सवड उरलेली नव्हती. आधीची कामे संपण्यापूर्वी पुढची दाखल होऊ लागली आणि त्यांना ठेवायला स्मृतीत जागा पुरेना. तेव्हा संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू केले, कमी महत्त्वाची कामे सोडून दिली आणि यान उतरवण्याचे काम चालू ठेवले.